छप्पन्न औषधी आणि एक चिंच

आमच्या बुलढाण्यात "दारू" हा एकच शब्द आहे. बियर, वाइन, व्हिस्की, देशी, हातभट्टीची… सगळी दारूच. क्रियापदं मात्र दोन आहेत. साहेबलोक "घेतात" आणि बाकीचे "पितात". घेणाऱ्याला लोक नमस्कार करतात, पिणाऱ्याला पाहून रस्ता बदलतात. या दोघांच्या मधे कुणी असू शकतं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच नाही. त्यात बाईमाणूस असेल तर विषयच संपला.

त्यामुळे "घरच्या घरी कॉकटेलचे प्रयोग" असं काही मी लिहितेय म्हटल्यावर माहेरचे दोन-तीन फोन येणार हे गृहीत धरलेलं आहे. येऊ देत. सासूबाईंना विचारून लिहितेय. त्यांची हरकत नाही, मग इतरांनी काळजी करू नये.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत भाचा आला. म्हणजे नणंदेचा मुलगा. जर्मनीत नोकरीला आहे, वय 29. येताना विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून एक हिरवी, चौकोनी, जाड काचेची बाटली घेऊन आला आणि थेट माझ्या हातात दिली. "मामी, तुला मसाल्यांचं वेड आहे ना, म्हणून आणली. मामाला नाही, तुला." (मामा थेंबही घेत नाहीत. का ते पुढे येईलच.)

बाटलीचं नाव येगरमाइस्टर. लेबलवर एक सांबरासारखं शिंगाळं हरण, शिंगांच्या मधोमध चमकणारा क्रूस. आईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा कोनता देव होय रे?" भाच्याने हुबर्टस नावाच्या संताची गोष्ट सांगितली. हा मोठा शिकारी होता, एके दिवशी जंगलात हरणाच्या शिंगांत क्रूस दिसला आणि शिकार सोडून देवाच्या मार्गाला लागला. आईंना गोष्ट आवडली. आपल्याकडे वाल्याचा वाल्मिकी, त्यांच्याकडे हा. मग विचारलं, "औषध होय का?" भाचा म्हणाला, "आजी, 56 वनस्पती आहेत यात. जेवणानंतर पचायला घेतात."

"मंग औषधच."

"पण 35 टक्के अल्कोहोल आहे."

"मंग दारूच म्हन ना सरळ!"

या दोन वाक्यांच्या मधे जे काही आहे ना, त्यातच माझे पुढचे सहा महिने गेले.

पहिला घोट मी पाडव्याच्या दिवशी जेवण झाल्यावर घेतला, नुसताच, एका छोट्या वाटीत. (आमच्याकडे त्यासाठीचे ग्लास कुठून असणार? चटणीची वाटी घेतली.) आधी जिभेवर गोड पसरलं, मग बडीशेप, मग ज्येष्ठमधासारखं काहीतरी, लवंग, आलं, आणि शेवटी मागे घशात एक कडू मूळ रेंगाळत राहिलं. आणि मला एकदम 23 वर्षांपूर्वीची आमची मधली खोली आठवली. शेगडीचा धूर, ओवा, बाळंतशेपा, पाळणा, आणि सकाळ-संध्याकाळ आईंनी मोजून दिलेले दोन मोठे चमचे दशमूलारिष्ट. बरोबरीने तेवढंच पाणी. अगदी तोच वास! म्हणजे हुबेहूब नाही, पण घराणं तेच.

मी आईंना म्हटलं सुद्धा, "आई, मला आयुष्यातली पहिली दारू तुम्हीच पाजली आहे." त्या चिडल्या. मग मी औषधाच्या दुकानातून दशमूलारिष्टाची बाटली आणून लेबल वाचून दाखवलं. "स्वयंजनित मद्यार्क" आणि पुढे टक्केवारी. ही अशा औषधांत साधारण 5 ते 10 टक्के असते. आई म्हणाल्या, "थे आपोआप झालेलं हाये. टाकलेलं नाई." यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण त्या शास्त्रशुद्ध बोलल्या होत्या.

खरंच फरक तिथेच आहे. अरिष्टात आधी औषधींचा काढा होतो. दशमूलारिष्टाचा असेल तर बेल, शिवण, टेंटू, पाडळ, गोखरू, रिंगणी वगैरे दहा मुळांचा. मग त्यात गूळ, मध, मनुका पडतात आणि धायटीची फुलं. ही लाल फुलं आपल्या सातपुड्यात भरपूर. त्यांच्याबरोबर येणारं यीस्ट गुळाला लागतं आणि बंद भांड्यात महिनाभर सगळं मुरत, आंबत राहतं. वेलची, लवंग, दालचिनी, जायफळ, नागकेशर हे त्यातच. काढा न करता तसंच आंबवलं तर आसव. म्हणजे मद्यार्क तिथल्या तिथे तयार होतो आणि तयार होता होताच औषधींचा अर्क ओढून घेतो. जर्मन बाटलीत उलट. तिथे आधीच ऊर्ध्वपातन करून काढलेल्या मद्यार्कात वाळलेल्या मुळ्या, साली, बिया भिजत घालतात, मग तो अर्क ओकच्या पिंपांत वर्षभर ठेवतात, आणि शेवटी साखर आणि पाणी. ही कृती कुर्ट मास्ट नावाच्या माणसाने 1934 साली वोल्फेनब्युटेल गावात बसवली आणि 1935 पासून विकायला काढली. सगळे 56 घटक ते सांगत नाहीत, पण जे सांगतात त्यात चक्रफूल, दालचिनी, वेलची, आलं आहेत. म्हणजे निम्मा आपला मसाल्याचा डबाच तिकडे गेलाय.

आणि हे सगळं घराणं तिकडेही दवाखान्यातूनच आलेलं आहे. फ्रान्समधल्या शार्त्रूझ पंथाच्या साधूंकडे 1605 साली दीर्घायुष्याच्या अर्काचं एक हस्तलिखित आलं. त्यावरून ते आजही 130 वनस्पतींचं हिरवं मद्य करतात. कॉकटेलमध्ये थेंबथेंब टाकतात ते अंगोस्तुरा बिटर्स 1824 साली व्हेनेझुएलात एका जर्मन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या पोटासाठी केलं. म्हणजे आधी औषध, मग जेवणानंतरचा घोट, मग बार. आपल्याकडे अरिष्ट औषधाच्या कपाटातून बाहेर आलंच नाही आणि दारू कधी स्वयंपाकघरात शिरली नाही. गोव्यात शिरली. तिथे फेणीत अनंतमुळाची मुळं मुरवून दुकशिरी करतात, आणि ती पोटाला बरी म्हणून घरोघरी ठेवतात. पण गोवा म्हणजे गोवा.

असो. प्रयोगांकडे येते.

बार्टेंडर मंडळींचं गणित भाच्याने मला पहिल्याच दिवशी समजावलं. पेयात जहाल, गोड, आंबट आणि कडू यांचा तोल साधायचा. मी म्हटलं, हे तर आमटीचंच गणित! चिंच-गूळ-मीठ-तिखट. बाटलीत जहाल, गोड आणि कडू तिन्ही आधीच आहेत. उरलं आंबट, खारट आणि पाणी. एवढं डोक्यात बसल्यावर पुढचं सोपं होतं. म्हणजे असं मला वाटलं होतं.

बाटली फ्रीझरमध्ये ठेवायची, हे पहिलं. 35 टक्क्यांचं असल्याने गोठत नाही, काकवीसारखं जाड होतं, आणि गारठ्याने गोडपणा जिभेला कमी लागतो. आमच्या फ्रीझरमध्ये मटार आणि आईंच्या गुडघ्याची बर्फाची पिशवी असते, त्यांच्या शेजारी हरण जाऊन बसलं.

लिंबू, आल्याचा रस आणि सोडा. हे जमलं. इतकं जमलं की यात काही कर्तृत्व वाटेना. आलं बाटलीत आहेच, लिंबू कशालाही सावरतं.

ताक. भाचा नको नको म्हणत होता. मसाला ताकात हिंग-जिरं चालतं तर हे का नाही, असा माझा युक्तिवाद. दोन मिनिटांत ताकाच्या गुठळ्या खाली आणि तपकिरी पाणी वर. चवीबद्दल न बोललेलं बरं.

उसाचा रस: गोडावर गोड. गुळाचा काळा चहा थंड करून: वाईट नाही, पण औषधाची आठवण फार. आवळ्याचा रस: चांगला आंबट, पण त्याचा तुरटपणा आणि याचा कडूपणा एकमेकांशी भांडतात. भाच्याने प्रत्येकाला दहापैकी गुण देऊन वही केली आहे. आवळ्याला तीन.

मग संत्रं.

नोव्हेंबरात आपल्याकडे संत्र्याचा हंगाम सुरू होतो. सोनाळ्याकडची संत्री घरात आलेली होती, आणि युरोपात या असल्या मद्यांबरोबर संत्र्याची साल हमखास वापरतात, त्यामुळे हे जमणार याची खात्रीच होती. साल पातळ काढून ग्लासावर पिळली, रस घातला, वरून 30 मिली. खोलीभर वास सुटला. भाचा वाहवा करत होता. आणि आतून आई आल्या. दारात थांबल्या. म्हणाल्या, "संत्रा आनली का कोनी?"

भाच्याला कळलं नाही. तो म्हणाला, "हो आजी, सोनाळ्याची."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रातल्या देशी दारूच्या दुकानात "संत्रा" म्हणजे फळ नव्हे. देशी दारूला संत्र्याचा स्वाद दिलेला असतो, बाटलीवर तसं छापलेलं असतं, आणि गिऱ्हाईक "एक संत्रा" म्हणूनच मागतं. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो, अकरा वर्षं तीच प्यायले. वयाच्या 44व्या वर्षी गेले. यकृत. शेवटच्या वर्षात त्यांच्या अंथरुणाला, उशीला, शर्टांना तोच वास असायचा. आईंनी ते शर्ट कितीदा धुतले असतील! आमच्या घरात त्यानंतर कित्येक वर्षं संत्र्याच्या गोळ्या सुद्धा आल्या नाहीत. फळ चालायचं, गोळी नाही. मी हे पाहत आले होते, पण कधी कुणी बोललं नव्हतं.

त्या दिवशी बोललं गेलं. आई खुर्चीवर बसल्या आणि भाच्याला, ज्याने मामाला फक्त फोटोत पाहिलंय, सगळं सांगत बसल्या. रडल्या वगैरे नाहीत. कोठीत धान्याखाली बाटल्या कशा सापडायच्या, कुटाराच्या ढिगात कशा, एकदा देव्हाऱ्याच्या मागे. "पेत होता थ्याचं दुःख हाये, पन लपवत होता थ्याचं जास्त. मी विचारलं का नाई म्हने. आईच्या तोंडावर नाई म्हने." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुले कराचं थे कर. पन हे बाटली लपवू नको. पाहुने आले तरी लपवू नको. जे हाये थे समोर ठेव."

मी विचारलं, तुम्हाला वासाचा त्रास होत असेल तर बाटली भाच्याबरोबर परत पाठवते. त्या म्हणाल्या, "थ्या हरणाचा वास येगळा हाये. संत्र टाकू नको म्हंजे झालं."

संत्रं त्या दिवशीपासून यादीतून गेलं. वहीत त्याच्यापुढे गुण नाहीत.

त्या रात्री मी एक हिशोब मांडला. बाळंतपणात मी दिवसाला दोनदा 20-20 मिली अरिष्ट घ्यायची. 8 टक्के धरले तर दिवसाला 3.2 मिली शुद्ध मद्यार्क. दीड महिना घेतलं, म्हणजे 45 दिवसांचे 144 मिली. आता देशीची एक क्वार्टर 180 मिलीची. 40 टक्के धरली तर तिच्यात 72 मिली. भाऊजी शेवटी शेवटी दिवसाला दोन क्वार्टरवर होते. 144 मिली. मी दोनदा गुणाकार करून पाहिला. माझ्या अख्ख्या बाळंतपणाचं औषध ते एका दिवसात पीत होते, रोज. आणि माझ्या ग्लासातल्या 30 मिलीत येतात साडेदहा.

हे वाचून "म्हणजे थोडी चालते" असा अर्थ कुणी काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की पूर्णपणे सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. आणि ज्यांना "थोडी" हा शब्दच लागू होत नाही, अशी माणसं घराघरात असतात. आमचे "हे" म्हणूनच लांब राहतात. म्हणतात, "दादाला पहिल्या ग्लासात कळलं नव्हतं, मलाही कळणार नाही. मग पहिला घ्याच कशाला?" यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही आणि मला तो करायचाही नाही. ते शेजारी बसून फुटाणे खातात आणि वास घेऊन मत देतात. नाक त्यांचं माझ्यापेक्षा बरं आहे.

आईंची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. भाऊजी गेल्यावर दोन-तीन वर्षांनी आमच्या गावी (चिखली तालुक्यात आहे) देशीच्या दुकानावर मतदान झालं. उभी बाटली की आडवी बाटली. ज्यांना दुकान बंद हवं त्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. नियम असा, की जेवढ्या बायका मतदानाला आल्या त्यांच्या निम्म्या नाही, तर यादीत जेवढ्या आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्याला पडली पाहिजेत. म्हणजे जी घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीकडे धरली जाते. आई बुलढाण्याहून एसटीने गेल्या, नाव अजून गावच्या यादीत होतं. घरोघर जाऊन बायकांना बाहेर काढलं. आडवी जिंकली, दुकान बंद झालं. पुढे काय झालं तेही त्याच सांगतात: "मंग मोटारसायकलवर यायले लागली." तरीही त्या म्हणतात, दुकान शाळेच्या वाटेवर होतं, ते गेलं हे बरंच झालं. मला हे पटतं. वर्धा जिल्हा 1974 पासून, गडचिरोली 1993 पासून कोरडा आहे. चंद्रपूर 2015 ला झाला आणि 2021 ला पुन्हा ओला. लोक या तिन्ही जिल्ह्यांवरून वाद घालतात. मी आईंना विचारते.

तर अशी ही बाई, जिने आडवी बाटली निवडून आणली, तिच्या फ्रीझरमध्ये माझी बाटली आहे. उभीच आहे. फ्रीझर तेवढा उंच आहे म्हणून.

कायद्याचंही सांगून टाकते. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि स्वतःच्या घरात प्यायलाही परवाना लागतो. एका दिवसाचा 5 रुपयांत मिळतो, वर्षाचा 100 रुपयांत. मी वर्षाचा काढला. गंमत म्हणजे हा परवाना देतात तो आरोग्याच्या जतनासाठी म्हणून! म्हणजे सरकारदरबारीही ते औषधच. आईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "सरकारले सांग, दशमूळ घे म्हना." आमचे चिरंजीव 23 वर्षांचे. बियर-वाइनला वय 21, असल्या मद्यांना 25. त्यामुळे दोन वर्षं त्यांनी फक्त बर्फ फोडायचा आहे. पुण्यात ते काय करतात ते मी विचारलं आणि त्याने सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, पण सांगितलं खरं, आणि आजीसमोर सांगितलं. तेवढं मला पुरेसं आहे.

भाचा जाण्याआधी एकदा म्हणाला, "मामी, एवढा माल आपल्याकडे आहे, तर आपल्याकडे असं काही का होत नाही?" होतं की! जळगाव जामोद, संग्रामपूरच्या वर सातपुड्याच्या अंगावर मोहाची झाडं आहेत. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची रसाळ फुलं टपटप पडतात, आणि उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलात साखर भरपूर, वाळवली तर मनुकांसारखी टिकतात. खायलाही वापरतात आणि दारूही गाळतात. देवाला, लग्नाला, मयतीला ती लागते. पण गाळली की गुन्हा. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात 1892 साली खास मोहाच्या फुलांवर कायदा केला होता, कारण घरी गाळलेल्या दारूवर अबकारी मिळत नव्हती. आपला वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता, पण पुढे 1949 चा कायदा सगळ्यांनाच लागू झाला. फुलं गोळा करण्या-बाळगण्यावरचे निर्बंध महाराष्ट्राने 2021 मध्ये उठवले. दारूवरचे नाही. आमच्या जिल्ह्याची उत्तर हद्द ओलांडली की मध्य प्रदेश, आणि तिथे 2022 मध्ये मोहाच्या दारूला "हेरिटेज" ठरवणारं धोरण आलं, आदिवासी बचत गटांनी गाळायची आणि बाटलीत भरून विकायची. गोव्यात तर डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने 2018 मध्ये मोहाची दारू आणि तिचंच मध-मसाले घातलेलं लिक्युर बाजारात आणलं.

म्हणजे एकच फूल. डोंगराच्या या बाजूला पोलीस मडकं फोडतात आणि त्या बाजूला त्यावर लेबल लागतं. हातभट्टी धोकादायक असते हे मला मान्य आहे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पण ती मोहाची नव्हती, त्यात मिथेनॉल होतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गाळता येतं त्यांना शिकवून, तपासून, मोजून विकू द्यायला काय हरकत आहे? जर्मनीतलं हरण चालतं, मग सातपुड्यातला मोह का नको? हे माझं मत. आईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, "एक दुकान बंद कराले किती चपला झिजवल्या माह्या, आता तू दुसरं उघड."

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. चिंच.

ही डोक्यात आली ती फेब्रुवारीत, नवी चिंच फोडताना. भाचा केव्हाच परत गेला होता, वही इथेच होती. लिंबाएवढी चिंच कपभर कोमट पाण्यात भिजवायची, कोळून गाळायची. दाट नको, सारासारखी पातळ. चिमूटभर काळं मीठ, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. साखर-गूळ अजिबात नाही, गोड बाटलीत आहे. ग्लासात बर्फ, 60 मिली हा कोळ, 30 मिली फ्रीझरमधलं हरण, वर शंभरेक मिली साधा सोडा, पुदिन्याची दोन पानं चुरडून. मिठाने कडूपणा मऊ होतो, चिंच गोडाला धरून ठेवते, आणि जिरं त्या बडीशेपेच्या वासाशी जुनी ओळख असल्यासारखं वागतं. लिंबाने जे होत नाही ते चिंचेने होतं. लिंबू वरवर चमकतं, चिंच खाली जाऊन बसते. रंग मात्र पुरातल्या पैनगंगेचा. पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात द्यावं.

भाच्याला व्हिडिओवर करून दाखवलं. त्याने तिकडच्या दुकानातली चिंच आणून केलं आणि वहीत नऊ गुण लिहायला सांगितले. एक गुण रंगाचा कापला.

चैत्रात कैरीचं पन्हं आलं तेव्हा तेही करून पाहिलं (हळदीकुंकवाच्या पन्ह्याला हात लावला नाही, वेगळं केलं होतं, उगाच अफवा नकोत). गुळाशिवायच्या, जास्त आंबट पन्ह्यात चांगलं लागतं, वेलचीमुळे. पण सरबताइतकं सहज घशाखाली जातं आणि ग्लास कधी संपला कळत नाही, म्हणून मला ते आवडलं नाही. चिंचेचं घोट घोट घ्यावं लागतं.

सहा महिन्यांत बाटली निम्मी झालीय. महिन्यातून दोनदा, शनिवारी, भाकरी-ठेच्याच्या जेवणाआधी एक ग्लास. मोठ्या जाऊबाई मे महिन्यात राहायला आल्या होत्या. भाऊजींच्या पत्नी. त्यांना मी काही विचारलं नाही, काही दिलंही नाही, पण आईंच्या सांगण्याप्रमाणे बाटली लपवलीही नाही. तिसऱ्या दिवशी बर्फ काढताना त्यांनी ती पाहिली. बाहेर काढून झाकण उघडलं, वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "किती दिवस पुरते गं?" मी म्हटलं, वर्षभर पुरेल. त्यांनी बाटली उजेडात धरून आतली पातळी पाहिली आणि परत ठेवली. नंतर मटार सोलत आम्ही दोघी खूप वेळ बोललो, भाऊजींबद्दलच, पण ते त्यांचं आहे, इथे नको.

त्या गेल्यावर एके शनिवारी बाटली काढली तर लेबलच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. घरात अरिष्टाच्या आणि तेलाच्या बाटल्यांवर आई अशीच रेघ मारून ठेवतात. खाली तारीखही आहे. मी 30 मिली ओतून घेतलं आणि नव्या पातळीवर दुसरी रेघ मारली.